ओढला तरी उसवणार नाही असा टॉप घरीच शिवा

डिसेंबर २०२४ मध्ये मी लखनौला आत्याकडे गेले होते. पहिल्याच सकाळी तिच्या खोलीतून हाक आली, ‘‘अगं, जरा इकडे ये. हात अडकलाय.’’

आत जाऊन पाहिले तर ब्लाउजची डावी बाही चढलेली, उजवी पाठीमागे लोंबतेय आणि आत्या पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिलेली. तिचा उजवा खांदा आखडला आहे. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना हे दुखणे इतरांपेक्षा जास्त होते, आणि आत्याला मधुमेह आहेच. व्यायाम चालू आहे, हळूहळू खांदा सुटेलही. पण त्याला कित्येक महिने लागतात. तोवर हात ना वर जातो, ना मागे वळतो.

आत्याचे यजमान मानकनगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत, म्हणजे आरडीएसओमध्ये होते. लखनौत तिची चाळीसहून अधिक वर्षे गेली. या काळात कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने शिवले. त्याच बाईला आता स्वतःचा ब्लाउज चढवायला सुनेला हाक मारावी लागते. ‘‘दुखतं त्याचं काही नाही गं,’’ ती म्हणाली, ‘‘रोज सकाळी हाक मारावी लागते, ते नको वाटतं.’’

उन्हाळ्यात पुढून बटणांचा सैल गाऊन चालून गेला. पण लखनौची थंडी वेगळी. धुके पडले की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही, आणि आत पूर्ण बाह्यांचे काहीतरी अंगाला लागून हवेच. बाजारातले टीशर्ट आणून पाहिले. कापड मऊ, ताणही चांगला, पण गळा डोक्यातून काढायचा म्हणजे हात वर न्यावा लागतो. एका शिंप्याला विचारले, तर ‘होजिअरी आम्ही शिवत नाही’ असे म्हणून त्याने कापड परत दिले.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘शिंप्याकडे कशाला? इंटरलॉक घरात आहे. आपणच शिवू.’’

सुईच्या शहरात

लखनौत शिवणकामाची वानवा नाही. चौकात गोल दरवाज्यापासून आत शिरले की दुतर्फा चिकनची दुकाने लागतात. लखनवी चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पारंपरिक पद्धतीत कुर्ता आधी बेतून शिवला जातो, मग लाकडी ठशांनी त्यावर निळी नक्षी छापतात, नंतर बायका घरी बसून भरतकाम करतात आणि शेवटी धुलाईत ती निळी रेघ निघून जाते. टेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाली असे एकेक टाके. या कामावर किती घरे चालतात आणि मधल्या दलालांमुळे कारागीर बाईच्या हाती किती कमी पडते, हा मोठा विषय आहे. रुना बॅनर्जी यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘सेवा लखनौ’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

जुन्या कुर्त्यांच्या जोडाला ‘दराज’ म्हणतात. दोन तुकडे असे बारीक दुमडून हाताने जोडतात की आतून पाहिले तरी कापडाची कच्ची कड दिसत नाही. आजचा साधा कुर्ता उलटा करून पाहा, आत इंटरलॉकची दोऱ्याची वेलांटी दिसेल. जुने दर्जी याला नाक मुरडतात. मलमलीच्या बाबतीत मला त्यांचे पटते. होजिअरीच्या बाबतीत मात्र नाही, कारण तिथे दराज काय किंवा आपली साधी टीप काय, पहिल्याच ओढीला हात टेकते.

आत्याला हे पटवायला वेळ लागला. तिच्याकडे लग्नानंतर घेतलेली काळी उषा मशीन आहे, अजून ठणठणीत. होजिअरीचे दोन तुकडे घेऊन तिने डाव्या हाताने चाक फिरवत छान बारीक टीप मारली आणि माझ्या हातात दिली. मी दोन्हीकडून ओढले. ‘टक्‌’ असा आवाज झाला आणि दोरा मधोमध तुटला.

‘‘दोरा जुना असेल,’’ आत्या म्हणाली. नवा लावला. तोही तुटला.

एकच शब्द, दोन कापडे

मराठीत मागावरचे कापडही आपण ‘विणतो’ आणि स्वेटरही ‘विणतो’. शब्द एक असल्यामुळे दोन्ही कापडे एकाच जातीची वाटतात, आणि कात्री-सुई सारखीच चालवली जाते. प्रत्यक्षात मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांतून सरळ जातात. त्यात ताण जवळजवळ नसतोच, तिरके ओढले तरच थोडे सुटते. होजिअरीत धागा सरळ जातच नाही. फासात फास अडकवत तो पुढे सरकतो, अगदी दोन सुयांवरच्या स्वेटरसारखा. ओढले की प्रत्येक फास आडवा पसरतो, सोडले की पुन्हा गोल होतो. म्हणून बनियन, मोजे, टीशर्ट अंगाबरोबर हलतात. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने असे फास घालणारे पहिले यंत्र १५८९ मध्ये बनवले, ते मोज्यांसाठी.

पुढे यात लायक्रा आला. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा तयार केला. सुती होजिअरीत तो शेकडा पाच भाग मिसळला तरी कापड ताणून सोडल्यावर चटकन मूळ मापावर येते. नुसती सुती होजिअरी दिवसभरात कोपरावर आणि गळ्याशी पसरते, ते याने टळते.

आता आत्याची टीप का तुटली ते पाहा. साध्या मशीनमध्ये वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात आणि तिथून सरळ रेषेत पुढे जातात. त्या रेषेत राखीव दोरा जवळपास नसतो. कापड दहाचे चौदा सेंटिमीटर होते, दोरा मात्र दहाचाच राहतो. मग तुटणार नाही तर काय! इंटरलॉकचा दोरा कापडाच्या कडेवरून वेलांट्या घेत जातो. ओढले की वेलांट्या सपाट होतात, सोडले की पुन्हा उभ्या राहतात. कापड जेवढे ताणते तेवढी शिवणही ताणली पाहिजे. होजिअरी शिवताना बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

हे यंत्र जन्मले तेही होजिअरीच्याच घरात. अमेरिकेत कनेटिकट राज्यात मेरो कुटुंबाची १८३८ पासून विणकामाची गिरणी होती. तिथे विणलेल्या मालाच्या सुटणाऱ्या कडा बांधण्यासाठी १८८१ मध्ये त्यांनी कडेवर टाका घालणारे यंत्र तयार केले. घरात टेबलावर मावेल असे लहान इंटरलॉक मात्र १९६० च्या दशकात जपानमध्ये निघाले, आणि आपल्याकडे घराघरांत दिसू लागले ते त्याच्याही बरेच नंतर.

कापड घेताना

कैसरबागेतल्या भातखंडे संस्कृती विद्यापीठावरून आम्ही अमीनाबादला गेलो. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तिथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. लखनौतले मराठी लोक पाहुण्याला ती इमारत हटकून दाखवतात, तशी मलाही दाखवली गेली.

अमीनाबादच्या गल्ल्यांत दोरे, लेस, बटणे, अस्तर सगळे मिळते. दुकानदाराला मी म्हटले, ‘‘इंटरलॉकचं बोलायचंय,’’ तर त्याने एक जाडसर कापडाचा तागा पुढे टाकला. वहिनी हसल्या. पिकोवाल्याच्या भाषेत इंटरलॉक म्हणजे कडेची शिलाई. होजिअरीवाल्याच्या भाषेत इंटरलॉक हे एका कापडाचे नाव, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे दुहेरी विणीचे. आपण नवशिक्या असलो तर हेच कापड घ्यावे. कापलेली कड गुंडाळत नाही. टीशर्टचे एकेरी विणीचे कापड, ज्याला जर्सी म्हणतात, ते कापले की लगेच कडा सुरळीसारख्या वळू लागतात आणि हाताला सापडत नाहीत.

दुकानातच दोन परीक्षा करून पाहाव्यात. कापडाच्या आडव्या बाजूला दहा सेंटिमीटर अंतर चिमटीत धरा आणि मोजपट्टीवर ओढा. चौदा-पंधरापर्यंत सहज गेले तर ताण चांगला. मग सोडा. पुन्हा दहावर आले पाहिजे. अकरावर थांबले तर ते कापड चादरीला चालेल, गळ्याला नाही. रंग आवडला म्हणून ही दुसरी परीक्षा गाळू नये. मी पूर्वी गाळली होती आणि त्या टॉपचा गळा महिन्याभरात खांद्यावरून घसरायला लागला.

होजिअरी तिरुपूर आणि लुधियानाच्या घाऊक बाजारात किलोवर विकली जाते. काही किरकोळ दुकानांतही तसाच भाव सांगतात, तेव्हा हिशेब माहीत असावा. दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचे, २२० जीएसएम वजनाचे कापड असेल तर किलोला साधारण तीन मीटर भरते. पूर्ण बाह्यांच्या एका टॉपला दीड मीटर पुरते, म्हणजे अर्धा किलो.

आत्यासाठी आम्ही सुती-लायक्राचे राखाडी इंटरलॉक कापड घेतले. सोबत पॉलिएस्टर दोऱ्याचे चार कोन घेतले. सुती दोरा टाळावा, तो ताणाला टिकत नाही. आणि सुयांचे एक पाकीट, गोल टोकाच्या. साध्या सुईचे टोक अणकुचीदार असते, ते फासाच्या धाग्यातूनच आरपार जाते. शिवताना काही कळत नाही. दोन धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोके दिसू लागतात. गोल टोकाची सुई धागा बाजूला सारून मधून जाते. मध्यम कापडाला ७५ किंवा ८० नंबर पुरतो. कोणती सुई आपल्या मशीनला बसते, ते मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच घ्यावे.

घरी आल्यावर कापड धुऊन, पसरून वाळवले. सुती होजिअरी आटते, आणि लांबीत जास्त आटते. आधी न धुता बेतलेला टॉप नंतर बेंबीपर्यंत येतो.

बाळाच्या बनियनचा गळा

आता मुख्य प्रश्न. हात वर न करता टॉप घालायचा कसा?

याचे उत्तर आमच्या डोळ्यांसमोरच वाळत होते. वहिनींच्या बहिणीचे बाळ तेव्हा घरी होते आणि दोरीवर त्याच्या छोट्या बनियनी होत्या. त्यांचे खांदे जोडलेले नसतात. पाठीचा भाग खांद्यावरून पुढे येतो, पुढचा मागे जातो, आणि दोन्ही मुंढ्यापाशी एकावर एक बसतात. गळा हवा तेवढा उघडतो. बाळाच्या डोक्याला त्रास होत नाही, आणि लंगोट गळून घाण झालीच तर बनियन डोक्यावरून न काढता खांद्यावरून खाली, पायातून ओढून काढता येते. जे पायातून निघते ते पायातून चढतेही! आत्याला खुर्चीवर बसून दोन्ही पाय गळ्यातून घालायचे, टॉप परकरासारखा वर ओढायचा, आणि हात खाली लोंबता ठेवूनच बाहीत सरकवायचे. आधी दुखरा, मग चांगला. काढताना उलट, दुखरा शेवटी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही तिला कोणताही कपडा घालता-काढताना हाच क्रम सांगितला होता.

पण मोठ्या माणसाच्या कमरेवरून असा गळा जाईल का? आम्ही कागदावर मांडून पाहिले. आत्याची छाती १०० सेंटिमीटर, नितंबाचे माप १०२, खांदा ३८. साध्या टीशर्टचा गळा भोवताली ५५ ते ६० सेंटिमीटर असतो.

जुन्या टीशर्टवरून कागदी कटिंग काढले. अंगासरशी टॉप हवा असेल तर लायक्राच्या कापडात छातीच्या मापाइतकेच, किंवा चार-पाच सेंटिमीटर कमीही घेतात. तरुण मुलींना ते शोभते. आत्यासाठी आम्ही सहा सेंटिमीटर लूझिंग धरले, म्हणजे पाव भागाला साडेसव्वीस, आणि मार्जिन वेगळे. बाहीचा घेर नेहमीपेक्षा चार सेंटिमीटर वाढवला.

मग पुढच्या आणि पाठीच्या कागदाचे खांदे एकमेकांना टेकवून सपाट पसरले. पुढच्या गळ्याच्या मध्यापासून खांद्याची रेघ ओलांडून, पाठीच्या मुंढ्यावर सात सेंटिमीटर खाली उतरणारी एक गोलसर रेघ काढली. हा झाला पुढचा भाग. तसेच पाठीच्या गळ्याच्या मध्यापासून पुढच्या मुंढ्यावर सात सेंटिमीटर खाली. हा पाठीचा भाग. दोन्ही वेगळ्या कागदांवर उतरवून घेतले. खांद्याची मूळ जागा मुंढ्याच्या कडेला खुणेने दाखवून ठेवायला विसरू नये, पुढे जुळवताना तीच लागते.

टेप उभी धरून दोन्ही वक्र मोजले. पुढचा ५६, पाठीचा ४५. बेरीज १०१ सेंटिमीटर, तीही कापड न ताणता! आत्याने टेप स्वतःच्या कमरेभोवती घेतली, माझ्याकडे पाहिले आणि ‘‘बसतंय की!’’ म्हणाली.

चार धागे, एक पाते

वहिनींच्या मशीनला दोन सुया आहेत. बॉबिन नाही, तिच्या जागी खाली-वर फिरणारे दोन लूपर, म्हणजे दोरा फिरवणारे आकडे. वरचा लूपर कापडाच्या वरच्या बाजूने दोरा आणतो, खालचा खालून, आणि कडेवर दोघांची गाठ पडते. सुया त्यांना जागच्या जागी धरतात. शेजारी एक पाते असते, ते शिवण पडायच्या आधीच जास्तीची कड कापत जाते. म्हणजे कापणे, जोडणे, कड बांधणे एकाच फेरीत होते.

नवख्या बाया या मशीनला घाबरतात ते दोरा ओवण्याच्या कटकटीमुळे. बहुतेक घरगुती मशीनवर चार दोऱ्यांच्या वाटा चार रंगांनी दाखवलेल्या असतात. पुस्तिकेतला क्रम पाळावा. बऱ्याच मशीनमध्ये आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया शेवटी. खालच्या लूपरचा दोरा मध्येच तुटला तर फक्त तो ओवून भागत नाही. सुयांचे दोरे काढा, लूपर ओवा, मग सुया पुन्हा ओवा. नाहीतर चार टाक्यांत परत तुटतो आणि आपण मशीनला दोष देत बसतो. वहिनींनी हे शिकायला एक अख्खी दुपार घालवली होती, असे त्या सांगतात.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे खालचे दाते. साध्या मशीनला दातांची एकच जोडी कापड सरकवते. इंटरलॉकला पुढे एक, मागे एक अशा दोन जोड्या असतात आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. एकावर काटा असला की दोन्ही सारख्या चालतात. दीडवर ठेवला की पुढची जोडी जास्त कापड आत ढकलते, मागची तेवढे ओढत नाही, त्यामुळे होजिअरी ताणली जात नाही. शिवण झालरीसारखी लाटा खात असेल तर आकडा वाढवा. चुण्या पडत असतील तर कमी करा. आम्ही टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर आणि दात्यांचा आकडा दीड ठेवला. पण हे आमच्या कापडाचे झाले. दर नव्या कापडाला आधी चिंधीवर, आडव्या बाजूने, हातभर शिवून पाहावे. ती शिवण जोरात ओढावी. टक्‌ आवाज आला नाही, आणि दोन्ही लूपरचे दोरे बरोबर कडेवर भेटत असतील, तर टॉप घ्यावा हातात.

आणि टाचण्या! पात्याखाली टाचणी गेली की पाते बाद झालेच समजा, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. टाचणीऐवजी क्लिप लावा किंवा सरळ कच्चा धावदोरा घाला. आत्याने बसल्या जागी डाव्या हाताने धावदोरा घातला. उजव्याने कापड नुसते धरले.

शिवताना

कापताना कापडाचा भाग टेबलाखाली लोंबू देऊ नये, वजनाने ते ताणते आणि माप चुकते. आम्ही जमिनीवर चटई घालून कापले.

पहिले काम गळ्याच्या पट्ट्या. त्याच कापडाच्या आडव्या, पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून उभ्या दुमडल्या. पट्टी वक्राएवढी ठेवली तर गळा लोंबतो, फार आखूड ठेवली तर चुण्या पडतात. साध्या गोल गळ्याला पट्टी गळ्याच्या शेकडा ८० ते ८५ इतकी घेतात. आमचा वक्र लांब आणि उथळ होता म्हणून ९० धरले; पुढे ५० आणि मागे ४० सेंटिमीटर. पट्टी आणि वक्र दोन्हीला चार-चार सारख्या खुणा करून, खुणेला खूण लावून, शिवताना फक्त पट्टी हलकेच ताणायची. खालचे कापड मुळीच नाही.

मग पाठीचा भाग पुढच्यावर ठेवून खांद्याच्या खुणा जुळवल्या आणि मुंढ्याच्या कडेने दोन्ही थर साध्या टिपेने धरून ठेवले. नेहमीचा जोडलेल्या खांद्याचा टॉप असता तर इथे आणखी एक काम होते. खांद्याची शिवण ताणू द्यायची नसते, कारण बाहीचे सगळे वजन तिच्यावर लोंबते. तिथे मलमलीच्या काठाची अर्धा सेंटिमीटर पट्टी शिवणीत धरावी. लखनौत मलमलीच्या चिंध्यांना तोटा नाही!

बाह्या सपाट असतानाच जोडाव्यात. आधी बाजू शिवून मग गोल मुंढ्यात बाही बसवणे होजिअरीत उगाच कष्टाचे. मुंढ्याशी आमच्या टॉपला तीन थर येत होते, तिथे मशीन सावकाश चालवले. त्यानंतर बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकच सलग शिवण, दोन्ही बाजूंना.

डाव्या बाजूची शिवण मी मारली. काखेपर्यंत छान आले, हात सरावला, वेग वाढला, आणि कमरेखाली पुढच्या भागाची एक घडी कधी पात्याखाली गेली ते कळलेच नाही. मशीन थांबवून उलटे केले तर तीन सेंटिमीटरचा सरळ काप. शिवलेले उसवता येते, कापलेले कसे जोडणार? माझे तोंड उतरले. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मशीनचा स्विच बंद केला, हे मी पाहिले. तेव्हापासूनचा माझा नियम असा, की दर वीतभर शिवणीनंतर थांबून कापडाखाली बोटे फिरवून घ्यायची.

आत्याने काप पाहिला. ‘‘इथे खिसा लाव,’’ म्हणाली. आतून इस्त्रीने चिकटणारे अस्तर लावून काप बसवला आणि वरून कापडाचा एक चौकोनी खिसा. खिशाच्या तुकड्यामागे तिने मलमल धरायला लावली, कारण ताणणाऱ्या कापडावर भरतकाम आवळते, आणि डाव्या हाताने, दोन संध्याकाळी खपून, त्यावर पाच मुर्रीच्या कळ्या भरल्या. लखनौत राहून एवढे तरी यायला हवे, असे तिचे म्हणणे.

खालची दुमड आणि बाह्यांची टोके राहिली होती. कारखान्यात हे फ्लॅटलॉक मशीनवर करतात. घरी वहिनींच्या झिगझॅग मशीनवर जोडसुई लावली. वर दोन समांतर रेघा दिसतात, खाली बॉबिनचा दोरा नागमोडी जातो, म्हणून तीही शिवण ताणते.

इंटरलॉक नसेल तर

तीन टॉपसाठी कोणी इंटरलॉक घेऊ नये, असे माझे मत आहे. चांगले घरगुती इंटरलॉक साध्या शिलाई मशीनहून बरेच महाग पडते, जागा खाते, आणि साध्या मशीनचे काम त्यावर होत नाही. काज, चेन, दुमड यांसाठी दुसरे मशीन लागतेच. वहिनींचे चार वर्षांत वसूल झाले, कारण कॉलनीतले कुर्ते, सलवारी, पडद्यांच्या कडा त्यांच्याकडे येतात. शेजारपाजारचे असे काम मिळण्यासारखे असेल तर गोष्ट वेगळी.

झिगझॅग मशीन असेल तर अरुंद झिगझॅगने टॉप उत्तम होतो. रुंदी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी दोन ते अडीच. शेजारी रुंद झिगझॅगची दुसरी फेरी मारली की कडही बसते. आत्यासारखी फक्त सरळ टीप मारणारी काळी मशीन असेल, तर पॉलिएस्टर दोरा, गोल टोकाची सुई, लहान टाका, दोऱ्याचा ताण थोडा सैल, आणि शिवताना कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरायचे. तीन-चार मिलिमीटरवर दुसरी टीप. सैल टॉपला हे पुरते, अंगासरशी टॉपला नाही. नंतर कडा पिकोवाल्याकडे इंटरलॉक करून आणाव्यात. मार्जिन सव्वा सेंटिमीटर तरी सोडावे आणि ‘टिपेच्या आत कापू नका’ हे त्याला तोंडाने सांगावे, खडूने लिहून ठेवले तर आणखी बरे.

मशीन वापरून झाले की पात्याखालचा भुगा ब्रशने काढावा. होजिअरीचा भुगा भरपूर पडतो, आणि तो साचला की टाके सुटू लागतात.

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. आत्याच्या खोलीतून हाक आली नाही. जरा वेळाने तीच बाहेर आली, राखाडी टॉप, वर शाल, आणि पाणी प्यायला बसली. किती वेळ लागला, असे वहिनींनी विचारले. ‘‘दहा मिनिटं. पाय घालताना पहिल्यांदा चुकलं, बाहीतच गेला,’’ ती म्हणाली. मग डावा हात खिशात घालून तिने चष्मा काढला आणि दुसऱ्या टॉपसाठी रंग सांगितला, बदामी. गळा हाच, बाही दोन बोटे आखूड. खिसा मात्र हवा, आणि तो डाव्याच बाजूला.